पाचशे वर्षांचा हातमाग

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी कुणी वापरत नाही, कुणी बघत नाही, पण तिला हात लावला तर तीन दिवस आमटीत मीठ पडत नाही?

असेलच. कुणाकडे सासूबाईंचा तडा गेलेला पाट असतो, कुणाकडे दिराने दुबईहून आणलेलं बंद घड्याळ असतं. नाशिकच्या मखमलाबाद रोडवरच्या त्रिवेणी अपार्टमेंटमध्ये, गोरक्ष आहेरच्या घरी, बेडरूममधल्या कपाटावर थर्माकोलचा एक हातमाग होता.

हा माग गोरक्षच्या बायकोचा, स्नेहाचा. स्नेहा मूळची येवल्याची. तिचे वडील, अण्णा, जन्मभर पैठणी विणत मागावर बसले. लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा रुखवतात काय मांडायचं यावर घरात बराच खल झाला. त्या काळी (वीस-बावीस वर्षं झाली असतील) रुखवतात थर्माकोलचं काहीतरी असल्याशिवाय लग्न लागल्यासारखंच वाटत नसे. कुणी देऊळ करी, कुणी बैलगाडी, कुणी विहीर आणि विहिरीवर पाणी भरणारी बाई. अण्णा म्हणाले, "आपण कशाला दुसऱ्याचं करायचं? आपला मागच करू." मग बापलेकीने पंधरा दिवस बसून ब्लेडने थर्माकोल कापला, टाचण्या टोचल्या, डिंक लावला, आणि दोन हात लांबीचा हुबेहूब माग उभा केला. फणी होती, धोटा होता, पाय दाबायच्या पट्ट्यासुद्धा होत्या. शेवटी अण्णांनी त्यावर खरं रेशीम ताणलं आणि सुईने चार बोटं रुंदीचा खरा पैठणीचा तुकडा विणला. हिरव्या रेशमावर जरीचा एकच इवलासा मोर.

लग्नात त्या मागाचं कौतुक नवऱ्यामुलापेक्षा जास्त झालं. (गोरक्षच्या हे लक्षात आहे.) पुढे तीन भाड्याची घरं फिरून माग स्वतःच्या फ्लॅटमध्ये आला, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद चढला, कागदावर धूळ चढली, आणि गोरक्षच्या लेखी तो फक्त 'बॅग काढताना डोक्यावर पडणारी वस्तू' होऊन राहिला.

गोरक्ष एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. माणूस सज्जन, अक्षर सुंदर, आणि कुठलीच गोष्ट टाकून न देणारा. मिक्सर आणला की मिक्सरचं खोकं माळ्यावर, इस्त्री आणली की इस्त्रीचं खोकं माळ्यावर. स्नेहाने विचारलं की म्हणायचा, "वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर?" वॉरंटी संपे, कधी कधी वस्तूही संपे, खोकं राहत असे.

तर अशा या गोरक्षच्या कचेरीत एक दिवस परिपत्रक आलं की प्रत्येक विभागाने एक पर्यावरण समन्वयक नेमावा. त्या वेळी गोरक्ष चहाला गेला होता. परत आला तोवर तो समन्वयक झालेला होता. त्याला अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला पाठवलं. तिथे एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून थर्माकोलची सगळी कुंडली मांडली. तो कुजत नाही, फक्त चुरतो. चुरला की त्याचे दाणे होतात, दाणे गटारात, गटार गंगेत (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात), गंगेतून माशाच्या पोटात. उकिरड्यावर गाय खाते, तिच्याही पोटात तो तसाच. पाचशे वर्षं तो जात नाही, असं बाई म्हणाल्या. (मग नाश्ता आला. उपमा चंदेरी कागद चिकटवलेल्या ताटलीत होता. ताटली आतून कशाची आहे हे कुणी विचारलं नाही.)

गोरक्ष मात्र मनापासून हलला. माशाच्या पोटातले ते पांढरे दाणे त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. शनिवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती, तिथे तो कधी नव्हे ते उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. शेवटी भरात येऊन म्हणाला, "माझ्या घरात थर्माकोलचा एक कण जरी सापडला, तरी मी आठ दिवस या आवाराची झाडलोट करीन."

सोसायटीच्या चेअरमन होत्या रेहाना शेख, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे शेख मॅडम म्हणत. मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आहेर, फार चांगलं. मग हा नियमच करू या. ज्याच्या घरचा थर्माकोल सापडेल, तो झाडेल. सोमवारी सकाळी मी चोवीसही घरं तपासते. जे घर स्वच्छ, त्याच्या दाराला 'थर्माकोलमुक्त घर' असा स्टिकर. सुरुवात तुमच्यापासूनच करू."

टाळ्या झाल्या. गोरक्षने तिथल्या तिथे सुंदर अक्षरात नोटीस लिहिली: कोणीही थर्माकोल घंटागाडीत टाकू नये, आवारात दिसल्यास वॉचमनने त्वरित कळवावे. खाली सही केली आणि तरंगत घरी आला. बेडरूममध्ये शर्ट काढायला हात वर केले आणि नजर कपाटावर गेली.

स्नेहा घरी नव्हती. तिच्या भावाच्या मुलीचा, वेदिकाचा, पुढच्या रविवारी साखरपुडा होता, म्हणून ती मदतीला येवल्याला गेली होती आणि सोमवारी संध्याकाळी येणार होती. घरात फक्त गोरक्ष आणि नामपूरहून आलेली त्याची आई, धोंडाबाई. गोरक्षने हिशेब केला. माग रविवारी सकाळी घराबाहेर काढायचा. स्नेहाला सावकाश, चांगला मूड बघून, दिवाळीच्या आसपास सांगायचं. बावीस वर्षांत तिने तरी कधी तो खाली काढून बघितला होता?

रविवारी सकाळी त्याने माग जुन्या चादरीत गुंडाळला. धोंडाबाई चहा पीत सोफ्यावर पाय घेऊन बसली होती.

"हाऊ माग कथा लई चालना रे?" तिने विचारलं. धोंडाबाईने नाशिक बघितलं, लिफ्ट बघितली, मोबाइल बघितला, पण बोलली कायम अहिराणीच.

"टाकायला नेतोय, माय. थर्माकोल आहे. पाचशे वर्षं कुजत नाही."

"पाचशे वरीस कोनी मोजात?"

याचं उत्तर कार्यशाळेत सांगितलं नव्हतं.

"आन सूनले इचारं का?"

याचंही नव्हतं. गोरक्ष घाईने जिना उतरला.

घंटागाडी गेटपाशी उभी होती. गाडीवरच्या माणसाने चादरीचं टोक उचलून आत बघितलं आणि चादर परत नीट झाकली, जशी दवाखान्यात झाकतात.

"हे नाही घेता येत, काका."

"का?"

"तुमच्याच गेटवर नोटीस आहे ना. थर्माकोल गाडीत टाकू नये. खाली कुणी आहेर म्हणून साहेब आहेत, त्यांची सही आहे."

आहेर साहेबांनी चादर उचलली आणि स्कूटर काढली. वडाळा नाक्याला जमीलचं भंगाराचं दुकान आहे. गोरक्ष रद्दी तिथेच घालतो. स्कूटरवर पुढे, पायांपाशी, माग उभा केला आणि निघाला. थर्माकोलला वजन नसतं हे खरं, पण एकदा वारा लागला की त्याला म्हशीची ताकद येते. माग कधी डावीकडे ओढे, कधी उजवीकडे, आणि स्कूटर त्याच्यामागून जाई. शेवटी सिग्नलला एका रिक्षाच्या आरशाला तो घासला आणि त्याचा एक कोपरा कुरकुरत तुटला. पांढरे दाणे गोरक्षच्या काळ्या पँटवर बसले. झटकले तर हाताला चिकटले. हाताचे झटकले तर परत पँटला.

जमीलने माग सगळ्या बाजूंनी बघितला. "साहेब, लोखंड द्या, पितळ द्या, ही स्कूटर द्या पाहिजे तर. हे नको."

"अरे, फुकट घे."

"फुकटचंच महाग पडतं. ठेवा काट्यावर."

गोरक्षने माग काट्यावर ठेवला. काटा हलला नाही. त्यावर एक माशी येऊन बसली, तेव्हा जरासा हलल्यासारखा वाटला.

"बघा," जमील म्हणाला. "वजन नाही आणि जागा अर्ध्या दुकानाची. हे मी घेतलं ना, तर माझ्या पणतूलासुद्धा रोज सकाळी याचंच तोंड बघावं लागेल. पण काम फार बारीक आहे हो. कुणी केलंय?"

"सासऱ्यांनी," गोरक्ष म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याला जरा कसंतरी झालं.

परतताना गंगेवरच्या पुलावर तो थांबला. पुलाला जाळी लावलेली, पण एके ठिकाणी लोकांनी भक्तिभावाने भोक पाडून ठेवलेलं. गोरक्ष त्या भोकाकडे बघत राहिला. मग त्याला माशाच्या पोटातले दाणे आठवले. पाप करायलाही एक धीर लागतो, तो लिपिकाच्या नोकरीत राहत नाही. शिवाय बाजूलाच एक बाई निर्माल्याची पिशवी घेऊन त्याच भोकाकडे बघत उभी होती. तिने गोरक्षकडे बघितलं, गोरक्षने तिच्याकडे. दोघंही एकमेकांना सज्जन समजून परत फिरले.

अकरा वाजता तो सोसायटीत आला तेव्हा जिन्यावरून तिसऱ्या मजल्याची सगळी मंडळी नटूनथटून खाली उतरत होती. चादर घेऊन वर जाणं अशक्य. जिन्याखाली मीटरची खोली होती. गोरक्षने माग आत ठेवला, चादर काढून घेतली (चादर ओळखीची होती), दार लोटलं, आणि जिना मोकळा झाला की नेऊ असं ठरवून वर गेला. हातपाय धुतले. चहा मागितला. चहा ओठाला लागतो न लागतो तोच मोबाइल वाजला.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो होता. खाली शेख मॅडमचा मजकूर: "मीटर रूममध्ये हे सापडले. ज्यांचे असेल त्यांनी बारा वाजता खाली यावे."

बघता बघता खाली प्रतिक्रियांची रांग लागली. कुणी लिहिलं 'शेम', कुणी लिहिलं 'लोकांना कळत कसं नाही'. सगळे बोलत होते आणि समन्वयक गप्प, हे वाईट दिसेल म्हणून गोरक्षने घाईघाईत लिहिलं: "अत्यंत निंदनीय." त्याला अकरा अंगठे मिळाले.

बारा वाजता खाली गेला, तर माग गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर विराजमान झालेला. बाजूला वॉचमन झिपरू काठी घेऊन उभा. झिपरू सुरगाण्याकडचा, साठीला आलेला, आणि सांगितलेलं काम शब्दशः करणारा.

"सायेब, तुमची नोटीस लय कामाला आली," झिपरू म्हणाला. "गेटापासून दाणे पडले व्हते. मी दाणे येचत येचत गेलो, तं थेट मीटरच्या खोलीत. नोटिशीत लिवलंय ना, लगेच कळवा. मी मॅडमला कळवलं."

"छान केलंस," गोरक्ष म्हणाला.

शेख मॅडम मागाभोवती फिरून तो बघत होत्या. "आहेर, मालक काही आला नाही. आपण याला इथेच ठेवू, लोकांना धडा मिळेल. पाटी तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, 'हा थर्माकोल पाचशे वर्षे कुजणार नाही.'"

गोरक्षने लिहिलं. पण त्याच्यासारख्या माणसाच्या हातात कोरा पुठ्ठा आणि नवा मार्कर आला की तो स्वतःला आवरू शकत नाही. एक ओळ लिहून झाल्यावर खाली बरीच जागा उरली होती. ती जागा त्याने स्वतःच्या मनाने भरली: 'ज्याने हा टाकला, त्याला तेवढी वर्षे लाज वाटो.' आणि खाली एक वेलबुट्टी काढली.

"वा," मॅडम म्हणाल्या. "अगदी मनापासून उतरलंय." मग त्यांची नजर खाली गेली. "तुमच्या पँटला काय लागलंय?"

"तांदूळ," गोरक्ष म्हणाला. "घोटीहून पोतं आणलंय. निवडत होतो."

"पँटवर?"

"परात सापडली नाही."

तेवढ्यात वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, धोंडाबाईचा खणखणीत आवाज आला. "आपला माग खाले कसाले ठेवा रे, गोरख?"

गोरक्षने मार्करचं टोपण भलत्याच टोकाला लावलं. आजूबाजूच्या लोकांनी कौतुकाने वर बघितलं, कारण धोंडाबाई काय बोलते ते कळून घ्यायचं नाही आणि हसून मान डोलवायची, ही इमारतीची पद्धतच पडली होती.

"आई काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"म्हणते, काय दिवस आलेत."

"असं म्हणतात होय," मॅडम म्हणाल्या, आणि शांतपणे जिना चढून गेल्या.

एक वाजता स्नेहाचा फोन आला.

"अहो, मी उद्या नाही, आजच निघते. दुपारची गाडी पकडते."

"आजच? का? राहा की अजून. दादांना मदत होईल."

"अहो, ऐका तरी. इथे साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं, तर दादा एकदम रडायलाच लागला. म्हणतो, अण्णांनी गावाच्या लेकीबाळींना पैठण्या विणून दिल्या आणि आपल्या वेदिकाच्या ओटीत घालायला त्यांच्या हातचा एक धागा घरात नाही. सगळं विकलं गेलं हो, जे होतं ते. मग मला आठवलं, आपल्या मागावर अण्णांचा तुकडा आहे ना. तेवढाच राहिलाय आता. तेवढा तरी तिच्या ओटीत ठेवू. तुम्ही एक करा, माग खाली काढून ठेवा. हळू काढा, तुमच्या डोक्यावर पडतो तो."

"खालीच आहे," गोरक्ष म्हणाला. सोसायटीत परत आल्यापासून तो एवढं एकच खरं बोलला होता.

फोन ठेवल्यावर तो पलंगावर बसला आणि त्याला तो जरीचा मोर आठवायला लागला. बावीस वर्षांत त्याने तो नीट बघितलासुद्धा नव्हता. लग्नात अण्णांनी त्याला मागापाशी नेऊन म्हटलं होतं, "जावईबापू, हा मोर बघा, डोळा एका धाग्याचा आहे." आणि गोरक्षने, जेवणाची पंगत बसत होती म्हणून, "हो हो" म्हटलं होतं.

दोनच्या सुमाराला, सगळी इमारत रविवारची आमटी-भात खाऊन आडवी झाली असताना, गोरक्ष खिशात छोटी कात्री घालून खाली आला. माग नाही तर नाही, तुकडा तरी सोडवावा.

झिपरू जागेवर होता.

"जेवलास का रे?" गोरक्षने विचारलं.

"डबा हितंच खाल्ला."

"जरा पडून घे. मी बघतो इथे."

"नाय सायेब. मॅडम बोलल्यात, जागा सोडायची नाय. ह्यो पुरावा हाय."

"मी समन्वयक आहे, झिपरू. मला तो जरा जवळून तपासायचाय."

"तपासा की. पर हात नाय लावायचा. मॅडम बोलल्या, कुनीतरी कातर घिऊन येईल, त्याला लावू द्यायचा नाय."

गोरक्षने खिशावर हात ठेवला. "कात्री? असं का म्हणाल्या?"

"आता मला काय ठावं. शिकल्या-सवरलेल्या बाईला आधीच कळतं."

गोरक्ष दीड तास झिपरूशेजारी स्टुलावर बसून राहिला. येणारेजाणारे पाटी वाचत, चकचक करत आणि गोरक्षला म्हणत, "चांगली अद्दल घडवलीत हो." तो नम्रपणे मान हलवी. ऊन कलतं झालं तेव्हा ते तिरपं मागावर आलं आणि धुळीने माखलेल्या कागदाखाली मोराचा डोळा लखलखला. खरंच एकाच धाग्याचा होता.

साडेपाचला रिक्षा थांबली. स्नेहा उतरली. हातात पिशवी, पिशवीत वहिनीने दिलेले लाडू. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग झिपरूकडे, मग खुर्चीकडे. पिशवी तिने सावकाश खाली ठेवली.

"हा इथे कसा?"

"सापडला, वहिनी," झिपरू अभिमानाने म्हणाला. "चोर सापडायचा हाय अजून."

स्नेहा पुढे आली. तिने पाटी वाचली, एकदा, मग पुन्हा एकदा. वेलबुट्टीपाशी तिचं बोट थांबलं. लग्नाआधी गोरक्षने तिला जी पत्रं लिहिली होती, त्या प्रत्येक पत्राच्या तळाशी हीच वेलबुट्टी होती.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. "ओळखीचं वाटतं."

एव्हाना गॅलऱ्यांमधून माणसं दिसायला लागली होती. शेख मॅडम खाली आल्या. धोंडाबाईही काठी टेकत आली आणि सुनेशेजारी उभी राहिली. चौकशी चालू आहे, असं सांगायचं गोरक्षच्या अगदी ओठावर आलं होतं. पण स्नेहा खाली वाकून प्लास्टिकचा कागद बाजूला सारत होती, आणि आधी मोरच शोधत होती.

"मी ठेवला," गोरक्ष म्हणाला. "मीच. टाकायला नेला होता. कुणी घेतला नाही."

शेख मॅडम म्हणाल्या, "आहेर, हे बारा वाजता सांगितलं असतंत, तर पाटीवरची दुसरी ओळ तरी टळली असती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी सटाण्याच्या शाळेत अकरा वर्षं होते. तुमच्या आईंची अहिराणी मला सगळी कळते. काय दिवस आलेत, असं त्या अजिबात म्हणाल्या नव्हत्या. आणि दुपारी 'कातर कसाले रे?' असं त्या तुम्हाला विचारत होत्या, तेही मला वर ऐकू आलं." आणि धोंडाबाईकडे वळून म्हणाल्या, "बराबर ना, माय?"

"बराबर," धोंडाबाई म्हणाली. एवढ्या मोठ्या इमारतीत आपलं बोलणं कळणारं कुणीतरी निघालं, म्हणून ती मुलाची फजिती विसरून खूश झाली होती.

स्नेहाने तुकडा बोटाने चाचपला. मागाचा कोपरा गेला होता, पण रेशीम जिथल्या तिथे होतं, मोरही. ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. (चढला असता तर गोरक्षला बरं वाटलं असतं.)

"पाचशे वर्षं जात नाही म्हणता ना?"

"कार्यशाळेत तसं सांगितलं."

"मग जी वस्तू पाचशे वर्षं जाणार नाही, ती घराबाहेर काढायचीच कशाला? घरात होती तोवर अण्णांची आठवण होती. बाहेर काढलीत आणि कचरा झाली. बघा बरं, सकाळपासून किती दाणे सांडलेत."

यावर गॅलरीतून एकदोघांनी माना हलवल्या. गोरक्षनेही हलवली, कारण म्हणणं बरोबर होतं.

"पण मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "नियमाचं काय? थर्माकोल तर वहिनींच्या माहेरचा. म्हणजे झाडायचं वहिनींनी."

गोरक्षच्या मनात, दिवसभरात पहिल्यांदाच, आशेची एक बारीकशी तिरीप आली. त्याने ती दाबायचा प्रयत्न केला. तरी तोंडून निघालंच, "नियम म्हणजे नियम. मी मदत करीन तुला."

"झाडीन की," स्नेहा शांतपणे म्हणाली. "पण मग तपासणी अर्धी नको. मॅडम, आमचा माळा बघितलात का?"

"उद्या बघणार होते."

"उद्या तर उद्या. टीव्हीचं खोकं आहे, मिक्सरचं आहे, इस्त्रीचं आहे, गीझरचं आहे. फ्रिज विकून सहा वर्षं झाली, त्याचंही आहे. प्रत्येक खोक्यात ते पांढरे ठोकळे, चार-चार, सहा-सहा. माझ्या माहेराहून एक माग आला हो. बाकी बावीस वर्षांत जेवढा थर्माकोल या घरात आला, तेवढा ह्यांनी वॉरंटीसाठी जपून ठेवलाय."

"ते थर्माकोल नाही," गोरक्ष म्हणाला. "ते पॅकिंग आहे."

गॅलऱ्यांमधून जे हसू फुटलं, ते मखमलाबाद नाक्यापर्यंत ऐकू गेलं असावं. सगळ्यात उशिरा हसायला लागला तो झिपरू, पण सगळ्यात जास्त वेळ तोच हसत राहिला.

स्नेहाने माग दोन्ही हातांनी उचलला आणि जिना चढायला लागली. तुकडा मागावरून काढायचा नाही, मागच येवल्याला न्यायचा, असं तिने दुसऱ्या पायरीवर ठरवलं. पुढच्या रविवारी एसटीत तो येवल्यापर्यंत मांडीवर घेऊन कोण बसणार, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. तिच्यामागून धोंडाबाई चढली, धोंडाबाईमागून लाडवांची पिशवी घेऊन गोरक्ष. आमटीत मीठ किती पडेल याचा अंदाज त्याला आलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख मॅडमनी चोवीस घरं तपासली, तेवीस दारांना स्टिकर लागले, आणि गोरक्ष आहेर हातात खराटा घेऊन गेटपाशी, टीव्हीच्या, मिक्सरच्या आणि सहा वर्षांपूर्वी विकलेल्या फ्रिजच्या ठोकळ्यांशेजारी, स्वतःच्याच अक्षरातल्या पाटीखाली उभा होता.